मुंबईत पहिलं दुकान, ऑफिस किंवा गाळा घेण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवृत्तीची रक्कम हाती आली, गावची जमीन विकली गेली किंवा पुनर्विकासात बिल्डरकडून कॉर्पस मिळाला, की मुंबईतल्या मराठी घरांत एक विचार हमखास निघतो: एखादा गाळा घेऊन ठेवू, भाडं येत राहील. विचार चांगलाच आहे. पण ही रक्कम बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच येते आणि गाळा चुकीचा निघाला तर ती त्यात अडकून बसते. म्हणून काही उत्तरं मुद्दाम लांबवली आहेत.

घर भाड्याने देणं आणि दुकान किंवा ऑफिस भाड्याने देणं यात फरक काय?

भाडं जास्त मिळतं आणि जागा रिकामी राहण्याचा काळही जास्त असतो. मुंबईत घराचं वर्षाचं भाडं किमतीच्या साधारण दोन-तीन टक्के पडतं, व्यावसायिक जागेचं सहा ते आठ टक्क्यांच्या आसपास. हा वरचा फरक फुकट मिळत नाही. दादरचा वन बीएचके रिकामा झाला तर महिन्याभरात माणूस मिळतो. तिथलंच दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस सहा महिने बंद राहू शकतं, आणि तेवढ्या काळात मेंटेनन्स, मालमत्ता कर, कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. शिवाय अडीनडीला घरात स्वतः राहता येतं, गाळ्यात राहता येत नाही.

त्यामुळे कुठलीही जागा बघताना पहिला प्रश्न हा असू द्या: आत्ताचा भाडेकरू उद्या गेला, तर इथे दुसरा कोण येईल? किमान तीन वेगवेगळ्या प्रकारचे धंदे तुम्हाला सांगता आले पाहिजेत. एकाच धंद्याचं नाव सुचत असेल तर ती जागा पहिल्या गुंतवणुकीसाठी नको.

एजंट ‘सात टक्के सुटतात’ म्हणतो. हातात किती येतात?

एक हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला.

गाळ्याची किंमत १ कोटी. मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, म्हणजे ६ लाख. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांवर नाही. दलाली १ लाख, वकील आणि किरकोळ खर्च ५० हजार, शटर-वायरिंग-रंग १ लाख २० हजार. तुमच्या खिशातून गेले १ कोटी ९ लाख.

भाडं महिना ५५ हजार, वर्षाचे ६ लाख ६० हजार. एजंटचा हिशेब इथेच संपतो: एक कोटीवर ६.६ टक्के, तो त्याचे सात करतो. आता पुढे या. तीन वर्षांत जागा तीन महिने रिकामी राहिली असं धरा (हे मी काही वाईटात वाईट धरलेलं नाही). मग वर्षाची सरासरी ६ लाख ५ हजारांवर येते. मालमत्ता कर आणि सोसायटीचा मेंटेनन्स मिळून वर्षाला ७५ हजार. नवा भाडेकरू आणल्याबद्दल एजंटला एक महिन्याचं भाडं, तीन वर्षांत वाटलं तर वर्षाला १८ हजार. उरले ५ लाख १२ हजार. १ कोटी ९ लाखांवर हे ४.७ टक्के होतात, आयकर अजून भरायचाच आहे.

हा आकडा बघून गाळा घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. भाडं दर काही वर्षांनी वाढतं, जागेची किंमतही वाढू शकते. पण सातवर विसंबून घरखर्च आखला आणि हातात पावणेपाच आले, तर निवृत्त माणसाची ओढाताण होते.

दुकान, ऑफिस की इंडस्ट्रियल गाळा?

पहिल्यांदा घेणाऱ्याने, पैशांची जुळणी होत असेल तर, तळमजल्यावरचं रस्त्याला तोंड असलेलं छोटं दुकान घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात केमिस्ट, मोबाइलवाला, दूध-फरसाण, दवाखाना, बँकेचं एटीएम असं बरंच काही बसतं. दुकानाचं तोंड किती फुटांचं आहे, समोर पायऱ्या किती, झाड किंवा विजेचा डबा आडवा येतो का, शेजारी गटार तुंबतं का, हे सगळं भाड्यात उतरतं. पावसाळ्यात एकदा तरी जाऊन बघा. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या आसपास दुकान घेणाऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही. पोटमाळा दाखवून किंमत वाढवली असेल तर तो मंजूर नकाशात आहे का ते तपासा.

ऑफिसमध्ये भाडेकरू सहसा अधिक व्यवस्थित असतात, कंपनी असेल तर भाडं बँकेतून वेळेवर येतं. पण मोठमोठ्या बिझनेस पार्कशी तुमच्या चारशे फुटांच्या ऑफिसची स्पर्धा असते. लिफ्ट, पार्किंग, स्वच्छतागृह आणि स्टेशन किंवा मेट्रोपासूनचं चालत अंतर या चार गोष्टींवर ते लवकर जातं की पडून राहतं ते ठरतं.

अंधेरी, मुलुंड, ठाण्याची वागळे इस्टेट, वसई इथले इंडस्ट्रियल गाळे स्वस्त वाटतात. तिथे मंजूर विजेचा भार किती, थ्री फेज आहे का, टेम्पो दारापर्यंत लागतो का, माल चढवायची लिफ्ट चालू आहे का, हे बघा. वापराची अटही वाचा. आयटी धोरणाखाली जादा एफएसआय (म्हणजे जादा बांधकामाची मुभा) घेऊन उभ्या राहिलेल्या इमारतींत मुख्यतः आयटीच्याच कंपन्यांना जागा देता येते. तुमचा संभाव्य भाडेकरू कुरिअरवाला किंवा सीए असेल तर अडचण होईल.

भाग कुठला निवडावा?

जिथे तुम्ही आठवड्यातून दोनदा सहज जाऊ शकता तो. ‘वर जाणारा एरिया’ शोधत पनवेलपलीकडे जाण्यापेक्षा, स्वतःच्या स्टेशनबाहेरच्या चार गल्ल्यांत कुठलं दुकान किती दिवस बंद आहे आणि कुठलं दोन दिवसांत भरतं, हे ज्याला माहीत आहे त्याचा निर्णय जास्त चांगला ठरतो.

धंदे जागा बदलतात, हेही ध्यानात ठेवा. ऑपेरा हाउसजवळची पंचरत्न आणि प्रसाद चेंबर्स वर्षानुवर्षं हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांनी गजबजलेली असत. ऑक्टोबर २०१० मध्ये बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, भारत डायमंड बोर्स हा हिरेबाजार सुरू झाला आणि व्यापार तिकडे सरकला. एकाच धंद्यावर उभ्या असलेल्या इमारतीत ऑफिस घेणाऱ्याचा धोका त्या गल्लीत दिसला. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये सुरत डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं, तेव्हा बीकेसीतल्या मालकांनाही हीच चिंता लागली. नरिमन पॉइंटचंही तसंच: अनेक कंपन्या बीकेसी आणि लोअर परळला गेल्या. आता मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते आहे, त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या जुन्या ऑफिसांकडे लोक पुन्हा बघू लागले आहेत. मेट्रो येणार म्हणून आधीच चढ्या भावाने घेऊ नका. कामं लांबतात, आणि तुमचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो.

‘पाचशे फूट’ म्हणतात, आत गेल्यावर तीनशेच भरतात. असं कसं?

लोडिंग. जिना, लॉबी, लिफ्ट यांचा हिस्सा तुमच्या क्षेत्रफळात मिळवून दर सांगितला जातो. व्यावसायिक इमारतींत हे प्रमाण घरांपेक्षा बरंच जास्त असतं. भाव नेहमी कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर काढा, टेप घेऊन स्वतः मोजा. महारेरात, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेल्या प्रकल्पाला कार्पेट क्षेत्रफळ जाहीर करणं बंधनकारक आहे आणि रेरा कायदा दुकानं-ऑफिसांनाही लागू आहे, फक्त फ्लॅटना नाही. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ‘आज वीस टक्के भरा, भाव वाढणार आहे’ म्हणणाऱ्याला हे ऐकवा.

कागद कोणते बघायचे?

वकील स्वतःचा लावा, बिल्डरने किंवा एजंटने सुचवलेला नको. त्याच्याकडून निदान ३० वर्षांचा टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदींचा तपास, करून घ्या. जागा किती हातांतून गेली त्या प्रत्येक कराराची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा) पाहिजे. मधला एक करार ‘हरवला आहे’ असं ऐकलंत तर तिथेच थांबा. भरलेल्या मुद्रांक शुल्काच्या पावत्या, मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी (इमारत वापरायला दिलेली परवानगी), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना-हरकत, मालमत्ता कर आणि विजेची थकबाकी नसल्याचा पुरावा. जागेवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र.

यात एक गोष्ट फार जणांकडून सुटते: खालची जमीन कोणाची आहे? एमआयडीसीची जमीन सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते, सिडकोची ६०, बीकेसीत एमएमआरडीएची ८०. अशा ठिकाणी विकताना त्या संस्थेची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागतं. पट्ट्याची किती वर्षं उरली आहेत ते विचारा. कमी उरली असतील तर बँक कर्जाला कुरकुरते आणि उद्या तुमचं गिऱ्हाइकही कुरकुरतं.

आगीची यंत्रणा हाही कागदाचाच भाग समजा. लोअर परळच्या कमला मिल कंपाउंडमध्ये डिसेंबर २०१७ मध्ये आग लागून १४ जण गेले. २००६ च्या महाराष्ट्र अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक आणि वापरणारा यांच्यावर आहे, आणि ती चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. सोसायटीकडे शेवटचा फॉर्म बी मागा. तो देताना सेक्रेटरी अडखळला तर जिन्यावर ठेवलेलं सामान आणि बंद पंप बघायला स्वतः जा. तुमच्या जागेत दुसऱ्याची माणसं दिवसभर काम करणार आहेत.

ओसी नसेल, पण शेजारची सगळी दुकानं चालू आहेत. घ्यावं का?

नाही.

पागडीचं दुकान निम्म्या किमतीत मिळतंय. काय करावं?

पागडी म्हणजे एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर जागेचा हक्क घेणं. त्यात तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ पागडीचा व्यवहार मान्य करतो, तो बेकायदा नाही. पण हस्तांतराला घरमालकाची संमती लागते आणि प्रत्येक वेळी त्याचा वाटा जातो. बँका सहसा कर्ज देत नाहीत. शिवाय पागडीची जागा तुम्ही परस्पर तिसऱ्याला भाड्याने दिलीत तर घरमालकाला तुम्हाला काढायचं कारण मिळतं. लोहार चाळीत किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळ स्वतः धंदा करायचा असेल तर पागडी परवडते. भाडं खाण्यासाठी मात्र ती घेऊ नये.

भाडेकरू आधीच बसलेली, म्हणजे प्री-लीज्ड जागा सुरक्षित नाही का?

सुरक्षित असू शकते, पण किमतीत त्या भाड्याचाच भाव लावलेला असतो. म्हणून भाडं खरं आहे का ते आधी बघायचं. नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार, गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि टीडीएसच्या नोंदी मागा. शेजारच्या दुकानाला भाडं काय आहे ते विचारा. तिथे ४० हजार आणि इथे ७० हजार असेल तर विक्रेत्यानेच ओळखीचा भाडेकरू बसवलेला असू शकतो. सौदा झाला, सहा महिने गेले की तो निघून जातो. लॉक-इन (करार मोडता येत नाही तो काळ) किती शिल्लक आहे, तो दोघांना बांधतो की फक्त मालकाला, हे कलम वकिलाला मोठ्याने वाचायला सांगा. डिपॉझिट विक्रेत्याकडून तुमच्याकडे वळतं झालं पाहिजे, नाहीतर उद्या ते तुम्हाला खिशातून परत करावं लागेल.

भाडेकरूशी करार कसा असावा?

लेखी आणि नोंदलेला. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाद झाल्यास अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. खर्च फार नाही. पाच वर्षांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. परत करायच्या डिपॉझिटवर दहा टक्के दराने व्याज धरून ती रक्कम या हिशेबात मिळवतात.

आता एक गोष्ट, जी घर भाड्याने देण्याची सवय असलेल्यांना धक्का देते. मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही तर घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन तुलनेने लवकर ताबा मिळतो आणि दुप्पट भाडं मागता येतं. ही सोय राहत्या जागेपुरती आहे. दुकान-ऑफिससाठी धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात दावा लावावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. म्हणून डिपॉझिट चांगलं सहा महिन्यांचं घ्या, मुदतीनंतर थांबल्यास रोजची रक्कम करारात लिहा, आणि माणूस निवडताना पाच हजार जास्त देणाऱ्यापेक्षा जुन्या मालकाशी नीट वागलेल्याला पसंती द्या. जुन्या मालकाला फोन करा. हा फोन फार कमी लोक करतात.

भाडेवाढ दर वर्षी पाच टक्के किंवा तीन वर्षांनी पंधरा टक्के अशी चालते. मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि आतली दुरुस्ती कोणाकडे ते लिहा. गुमास्ता आणि धंद्याचे इतर परवाने भाडेकरूने काढायचे, आणि जागा सोडताना तो पत्ता सगळीकडून काढून टाकायचा, हेही लिहा.

बिल्डर ताबा मिळेपर्यंत महिना एक टक्का ‘खात्रीने’ देतो म्हणतो.

ते पैसे तुमच्याच किमतीत वाढवून घेतलेले असतात आणि बिल्डर अडचणीत आला की आधी तेच बंद होतात. निवृत्तीच्या पैशांनी तर यात अजिबात जाऊ नका.

कर्ज मिळतं का?

मिळतं, पण गृहकर्जाच्या अटींवर नाही. व्याज जास्त, मुदत कमी, आणि किमतीतला तुमचा स्वतःचा हिस्सा बराच मोठा. चांगल्या कंपनीचं भाडं चालू असेल तर त्या भाड्यावर आधारित कर्जही बँका देतात. भाड्यातून हप्ता फिटेल या भरवशावर पहिली जागा घेऊ नका. वर काढलेले पावणेपाच टक्के आणि बँकेचा व्याजदर शेजारी शेजारी लिहून बघा.

कर कोणकोणते?

मोजकंच सांगतो, बाकी सीएला विचारा. बांधकाम चालू असलेल्या जागेवर जीएसटी लागतो: व्यावसायिक प्रकल्पात १२ टक्के, मुख्यतः घरं असलेल्या प्रकल्पातल्या दुकानावर ५ टक्के. ओसी मिळाल्यावर घेतली तर नाही. व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला नोंदणी लागत नाही, पण भाडेकरू जीएसटीत नोंदलेला असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून तो कर सहसा त्याला स्वतः भरावा लागतो. भाडं ठरवताना तो हे बोलून दाखवेल, तयारी ठेवा.

५० लाख किंवा त्याहून मोठ्या खरेदीत विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा. विक्रेता परदेशात राहणारा असेल तर नियम वेगळे आणि रक्कम मोठी. करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावापेक्षा, १० टक्क्यांहून जास्त कमी दाखवली तर दोघांनाही कर बसू शकतो. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते.

घरांसाठीच्या सवलती इथे नाहीत. महिलेच्या नावावर मुद्रांक शुल्कात मिळणारी एक टक्क्याची सूट राहत्या घरालाच आहे, मुंबईतली ५०० चौरस फुटांपर्यंतची मालमत्ता करमाफीही घरांनाच.

एवढे पैसे नाहीत. दहा-वीस हजारांपासून सुरुवात होईल का?

रीटमधून होईल. रीट म्हणजे अनेकांच्या पैशांतून मोठ्या इमारती घेऊन त्यांचं भाडं वाटणारा, शेअर बाजारात नोंदलेला ट्रस्ट. शेअर बाजाराची नियामक सेबीने २०१४ मध्ये नियम केले, एम्बसी हा पहिला रीट एप्रिल २०१९ मध्ये बाजारात आला. त्यानंतर माइंडस्पेस, ब्रुकफील्ड, नेक्सस आले. डीमॅट खात्यातून एक युनिटही घेता येतं. ऐरोली, मालाड, पवई, बीकेसी इथली मोठी ऑफिसं यांच्याकडे आहेत. रीटने वाटपयोग्य रोख रकमेचा किमान ९० टक्के भाग वाटायचा असतो आणि मालमत्तेतला किमान ८० टक्के हिस्सा तयार, उत्पन्न देणाऱ्या जागांत हवा. भाव मात्र शेअरसारखा रोज हलतो. मार्च २०२४ पासून लहान म्हणजे एसएम रीटचीही सोय झाली, त्यात किमान १० लाख लागतात. नुसते व्हॉट्सअॅपवर ‘हिस्सा घ्या’ म्हणणारे यात मोडत नाहीत. सेबीची नोंदणी तपासा.

गाळाच घ्यायचा ठरवलेल्यांनाही मी एक-दोन वर्षं रीटचे तिमाही अहवाल वाचायला सांगतो. भाडेवाढ, रिकाम्या जागा आणि करारांची उरलेली मुदत यांचा हिशेब मोठे मालक कसा ठेवतात ते त्यातून फुकट शिकायला मिळतं.

बँकेच्या लिलावातली जागा?

पहिल्याच खेपेला नको. थकलेला कर आणि सोसायटीचे पैसे तुमच्या गळ्यात येऊ शकतात, आणि बँकेकडे प्रत्यक्ष ताबा आहे की फक्त कागदावरचा, यावर पुढची काही वर्षं ठरतात.

भावंडांनी मिळून घ्यावं का?

घ्या, पण कोणाचे किती पैसे आणि किती टक्के हिस्सा ते करारातच लिहा. एकाला बाहेर पडायचं असेल तर दुसऱ्याने किती दिवसांत कोणत्या भावाने विकत घ्यायचं, हेही आधी ठरवा. भाडं कोणाच्या खात्यात येतं यावरून बोलणं बंद झालेली घरं आहेत.

सोसायटीत नॉमिनी लावला की मुलांना त्रास होणार नाही ना?

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी कोणाशी व्यवहार करेल एवढंच त्याने ठरतं, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्राप्रमाणे. गाळा नावावर झाला की मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांसमोर सही करा, आणि मूळ करार, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, चालू भाडेकरार कुठे ठेवला आहे ते घरात दोघांना तरी माहीत असू द्या. भाडेकरूचं डिपॉझिट किती घेतलं आहे तेही त्यासोबत लिहून ठेवा, कारण ते परत करायची वेळ मुलांवर येईल.